अठ्ठ्याहत्तरीत नवी संस्था

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर ‘वय हा फक्त आकडा आहे’ असा गुलाबाच्या फुलासकट संदेश येतोच येतो. जिना चढताना तो आकडा गुडघ्यांना बरोबर कळतो. त्यामुळे उसन्या उत्साहावर माझा विश्वास नाही. (हास्यक्लबवाल्यांनी रागावू नये. हसून झाल्यावरचा कट्ट्यावरचा चहा मलाही आवडतो.)

तरुण म्हातारा म्हटलं की मला अण्णा कर्वे आठवतात, महर्षी धोंडो केशव कर्वे. माणूस लाजराबुजरा, मितभाषी. मुलगा असताना मुरुडहून डोंगर तुडवत साताऱ्याला परीक्षेला गेले, तर वयानं लहान दिसतोस म्हणून बसूच दिलं नाही! पुढे 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयात लोक निरोप समारंभाची शाल घडी करून ठेवतात. एकाहत्तरीत जगप्रवासाला निघाले. पण मी थक्क होते ती 1936 सालापाशी. वय 78, आणि खेड्यातल्या मुलांना शिकता यावं म्हणून नवं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ! नवी संस्था म्हणजे पुन्हा वर्गणी, पुन्हा दारोदार. शाळेचं फळ दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तेवढी आपल्याकडे आहेत का, असा हिशेब हा गणिताचा प्राध्यापक मांडत बसला नाही. शहाऐंशीव्या वर्षी समता संघही काढला. शंभरीत भारतरत्न मिळालं, पण ते लोकांनी दिलेलं. माझं कौतुक अठ्ठ्याहत्तरीचं.

अमेरिकेत ओहायोतल्या एका गावात पन्नाशीपुढच्या 660 लोकांना ‘वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो का’ अशा धर्तीचे प्रश्न विचारले होते. बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी 2002 साली निष्कर्ष मांडला: म्हातारपणाबद्दल चांगलं मत असलेले लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. एका अभ्यासावर मी उड्या मारणार नाही. पण तो प्रश्न मला बोचला. कारण आपल्याकडे ‘तुम्ही आता उपयोगाचे नाही’ हे फार प्रेमानं सांगतात. ‘आई, तू बस गं, मी करते.’ ‘बाबा, लाइट बिल मी भरतो, तुमच्याकडून चुकीचं बटण दाबलं जाईल.’ हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि वर ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणायचं, हे कसं जमायचं? मुलांनो, चुकू द्या की आम्हाला. बिल दोनदा भरलं गेलं तर पुढच्या महिन्यात वळतं होईल.

सध्या मी मोडी शिकतेय. शिकवणारा मुलगा नातवाच्या वयाचा. ‘काकू, सराव केलेला दिसत नाही,’ म्हणून दटावतो. मुलगी विचारते, शिकून करणार काय? घरात आजेसासऱ्यांच्या वेळचे जमिनीचे कागद पडलेत, ते वाचायचेत. ‘आता वाचून कोणाशी भांडणार आहेस?’ म्हणाली. म्हटलं, आधी वाचून होऊ दे, मग नाव सांगते.