नऊला डिस्चार्ज म्हणले, साडेपाचला सोडलं

सांगलीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आईला शुगरसाठी चार दिवस ठेवलंवतं. ट्रीटमेंट चांगली झाली, खोटं कशाला बोलू. पण शेवटच्या दिवशी जो तमाशा केला त्याला तोड नाही राव.

सकाळी नऊला डॉक्टर राऊंडला आले, म्हणले आज घरी जावा. मी लगेच पिशव्या भरल्या, तासगावला फोन करून सांगितलं जेवायला घरीच येतोय. आणि मग सुरू, फाईल बिलिंगला गेली, बिलिंग म्हणतंय फार्मसीचा क्लिअरन्स नाही, फार्मसी म्हणती वॉर्डातनं उरलेली औषधं परत आली नाहीत, वॉर्डातली सिस्टर म्हणती मी तर दहालाच पाठवली. इन्शुरन्सवाल्यांचं अप्रूव्हल तर वेगळंच. खाली-वर करून माझ्या पायाचे तुकडे पडले, लिफ्ट पेशंटसाठीच म्हणे.

आणि खरा राग ह्याचा, एक वाजला तरी आईचा जेवणाचा ट्रे आला नाही. का, तर सिस्टिमला डिस्चार्ज दाखवतंय! अहो इन्सुलिनची पेशंट आहे ती, सकाळचं इंजेक्शन तुम्हीच दिलंय की! शेवटी बाहेरच्या गाड्यावरनं इडली आणून घातली. हातातली सुई पण काढंनात, बिल भरल्यावर काढतो म्हणले. म्हातारी काय सलाईनच्या स्टँडसकट पळून जाणार होती काय? वर बिलात अजून एका दिवसाचं बेडभाडं, कारण बारानंतर थांबलो! आम्ही काय हौसेनं थांबलोवतो का?

हॉस्पिटलांनी १५ सेवांचे दर दिसतील असे लावायचे हा आपल्या राज्यात नियम २०२१ पासनं आहे. इथं तो बोर्ड कुंडीमागं. कुंडी मात्र झकास, खाली चकचकीत ग्रॅनाईट, कॉफीचं मशीन.

साडेपाचला सुटलो आणि एसटीत बसतोय तोवर मेसेज, आमची सेवा कशी वाटली, पाच स्टार द्या. डोकं फिरलं.

मिरजेला १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेसनी दवाखाना काढला, तवापासनं कर्नाटकातनं सुद्धा लोक येतात, ते काय ग्रॅनाईट बघून आले व्हय? आमचे मिरजेचे जुने डॉक्टर अजून कागदावर सूर्य नि चंद्र काढून गोळ्या कवा घ्यायच्या ते सांगतात, बिल किती होईल ते आधीच सांगतात, आणि आईला विचारतात, "काय मावशी, भाकरी किती खाताय?"

इथं फॉलोअपची तारीख पुढच्या मंगळवारची दिलीया. आई म्हणती, मिरजेलाच जाऊया.