सतरा नंबरचा पोर्ट

काकांना ‘तो डबा काढा’ असं तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी डीएचसीपी स्नूपिंग शिकलो.

आमचं सीएचं ऑफिस सदाशिव पेठेत आहे. जिन्याखालच्या कपाटात, जुन्या फायली आणि गणपतीचं मखर यांच्या मधोमध, २४ पोर्टांचा, म्हणजे वायरी खुपसायच्या २४ भोकांचा, एक मॅनेज्ड स्विच राहतो. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या वायरी तिथे येऊन मिळतात. त्याचं मॅनेजमेंट माझ्याकडे आहे. माझं नेमकं कोणाकडे ते ठरलेलं नाही, म्हणून सगळेच करतात.

काका म्हणजे आमच्या साहेबांच्या वडिलांच्या काळापासूनचे. त्यांच्या टेबलापाशी नेटवर्कचा एकच पॉइंट आणि जोडायच्या वस्तू दोन, संगणक आणि प्रिंटर. मग त्यांनी घरचा जुना वायफाय राउटर पिशवीतून आणला आणि टेबलाखाली बसवला. “विकत कशाला आणायचं? याला चार भोकं आहेत की!”

भोकं चार होती, पण डब्याला एक जुनी खोड होती. सकाळी संगणक सुरू झाला की सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असा विचारतो, ‘मला कोणी आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देईल का?’ या मागण्या-देण्यालाच डीएचसीपी म्हणतात. पत्ते वाटणारा आमचा खरा सर्व्हर चष्मा शोधेपर्यंत काकांचा डबा १९२.१६८.०.७ हा आपलाच पत्ता देऊन मोकळा. जो आधी बोलेल त्याचं ऐकायचं, हा संगणकाचा स्वभाव. मग तो भाबडेपणाने इंटरनेटही डब्याकडेच मागतो, आणि डब्याला तर बाहेर जायचा रस्ताच नाही. अख्खं ऑफिस माझ्या नावाने खडे फोडत असताना काकांचा संगणक मात्र सुरळीत, कारण त्याला मी कधीकाळी हाताने पक्का पत्ता दिला होता. “माझं तर छान चाललंय बाबा,” असं ते सगळ्यांना सांगत.

चोर सतरा नंबरच्या पोर्टवर आहे एवढं स्विचने सांगितलं. सतरा नंबरची वायर कुठे जाते हे सांगणारी चिठ्ठी कधीच गळून पडली होती. वायर उपटली आणि वरून काका ओरडले, “कोण रे तो?” तपास संपला.

स्नूपिंगची कल्पना साधी. पत्ता मागणारा कुठूनही ओरडू दे. पत्ता देणाऱ्याचं उत्तर मात्र आपण विश्वासू ठरवलेल्या पोर्टवरूनच आत घ्यायचं. आणि ते चालू केलं की सुरुवातीला सगळेच पोर्ट अविश्वासू. हे वाचलं तेव्हा तो स्विच मला पहिल्यांदाच आपल्या पेठेतला वाटला.

शनिवारी संध्याकाळी दोन ओळी टाइप केल्या. काहीही बंद पडलं नाही. मी स्वतःच्या खर्चाने मिसळ खाल्ली.

बंद पडलं नव्हतं, कारण पत्ते आधीच वाटून झाले होते. घराचा करार जसा ११ महिन्यांचा, तसा आमच्या सर्व्हरचा ८ तासांचा. सोमवारी सगळे करार संपलेले, आणि तारीख २०, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. प्रत्येक पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. कोणीच दारात उभं करत नाही म्हटल्यावर विंडोज स्वतःच स्वतःला लिहून देतं तो हा पत्ता. खरा सर्व्हर ज्या पोर्टवर आहे, त्याला विश्वासू म्हणायचं मी विसरलो होतो. घरमालकालाच वॉचमनने गेटवर अडवलं होतं.

ते दुरुस्त केलं. तरी ढिम्म.

आता इथे माझे दोन तास गेले. स्विच पत्त्याच्या प्रत्येक अर्जाला आपणहून एक चिठ्ठी टाचतो, ‘हा इसम अमुक पोर्टवरून आला’. तिचं नाव ऑप्शन ८२. आमच्या सर्व्हरचं म्हणणं असं की चिठ्ठी आहे म्हणजे अर्ज मध्यस्थामार्फत आला. मग मध्यस्थाच्या पत्त्याच्या रकान्यात शून्य कसं? अर्ज नामंजूर. तेही काही न कळवता, सरकारी थाटात. चिठ्ठी लावणं बंद केलं तेव्हा पावणेदोन वाजले होते.

तोवर चालू असलेल्या एकमेव संगणकापुढे, म्हणजे काकांच्या टेबलाशी, रांग लागली होती. काका एकेकाचं रिटर्न भरून देत होते. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“काकांकडे जे काय बसवलंय ना, तेच सगळ्यांकडे बसवून टाका.”

मंगळवार-बुधवार निवांत गेले. डबा टेबलाखाली बसून पत्ते वाटत होता आणि स्विच ते मुकाट्याने कचऱ्यात टाकत होता. इतका सुसंस्कृत तोडगा माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. मग गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, यूपीएसने नेहमीप्रमाणे एक उचकी दिली, आणि मला आठवलं की ‘राइट मेमरी’, म्हणजे केलेले बदल स्विचमध्ये कायमचे जतन करणं, मी केलेलंच नाही. वीज आल्यावर स्विच जागा झाला तो शनिवार सकाळच्या निरागसपणाने, सतरा नंबरसकट सगळ्यांवर विश्वास ठेवून.

साहेबांच्या लॅपटॉपवर १९२.१६८.०.७. मी कपाटाकडे पळत असताना काकांनी थांबवलं.

“काय रे बाळा, पाण्यासारखं तुझं नेटसुद्धा गुरुवारी बंद असतं का?”