मोटारींसाठीचा पहिला रस्ता हिटलरने बांधलेला नाही

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून मामांनी एक संदेश पाठवला. त्यांना तो पेन्शनर मित्रांच्या गटातून आला होता, आणि मी उत्तर लिहायला बसेपर्यंत तो आमच्या नातेवाइकांच्या आणखी दोन गटांत येऊन पडला होता. संदेशाचे सार असे: केवळ मोटारींसाठी रस्ता बांधावा हे जगात सर्वांत आधी हिटलरला सुचले, त्याआधी सगळीकडे घोडागाड्यांचेच रस्ते होते, अमेरिकेत असा रस्ता १९५६ पर्यंत नव्हता आणि झाला तोही जर्मनीची नक्कल करून, या कामावर हिटलरने साठ लाख बेकारांना रोजगार दिला, आणि त्याआधीच्या मोटारशर्यती म्हणजे श्रीमंतांची चैन होती, तिच्यातून रस्त्यांना काहीही मिळाले नाही.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडून देववला नाही, कारण मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत आणि मागच्या उन्हाळ्यात दोन महिने ते आमच्याकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहून गेले आहेत. रोज सकाळी आम्ही ज्या वाटेवर फिरायला जात होतो, ती वाटच या संदेशाला उत्तर आहे. एका पुलावर थांबून मामांनी स्वतः कठड्यावर हात फिरवला होता आणि खालून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत म्हणाले होते, "म्हणजे चौक टाळायचा विचार यांनी तेव्हाच केला होता." त्याच मामांकडून हा संदेश यावा याचे मला वाईट वाटले.

म्हणून आधी अमेरिकेचा मुद्दा घेते. कनिंगहॅम पार्कपासून अ‍ॅली पाँड पार्कपर्यंत झाडीतून जाणारी सुमारे चार किलोमीटरची ही वाट आज सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी आहे. मुळात ती, क्वीन्स ज्या बेटावर आहे त्या लाँग आयलंडवरच्या 'लाँग आयलंड मोटर पार्कवे' या रस्त्याचा तुकडा आहे. या रस्त्याच्या कामाचा नारळ ६ जून १९०८ रोजी फुटला, म्हणजे आपल्या भाषेत फुटला म्हणायचे, आणि पहिला टप्पा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुला झाला. तेव्हा हिटलर एकोणीस वर्षांचा होता. रस्ता पुढे दोन्ही बाजूंनी वाढत गेला आणि पूर्ण झाला तेव्हा क्वीन्सपासून रॉन्कॉन्कोमा तळ्यापर्यंत सुमारे ७२ किलोमीटर लांब होता. त्याच्यावर घोडागाडीला प्रवेश नव्हता. आडवे येणारे रस्ते आणि लोहमार्ग यांना तो पुलांवरून किंवा पुलांखालून ओलांडत असे, त्यामुळे वाटेत चौक नाही आणि फाटकही नाही. पृष्ठभाग लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा होता. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचललेली होती. आत शिरायचे तर ठरलेल्या ठिकाणी असलेल्या टोलचौकीवरूनच, आणि सुरुवातीला टोल होता दोन डॉलर, म्हणजे त्या काळी कामगाराच्या दिवसाच्या मजुरीइतका. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून गेलेल्या कोणालाही ही सगळी लक्षणे ओळखीची वाटतील.

हे माझ्या ऐकीव माहितीवर सोडायचे नसेल, तर क्वीन्समधला हा भाग २००२ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झालेला आहे. केवळ मोटारींसाठी आखलेला देशातला अगदी आरंभीचा रस्ता म्हणूनच त्याची नोंद आहे. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्याला पैसा मिळाला, एवढेच त्या वर्षाचे महत्त्व. पेनसिल्व्हेनियाचा मोठा टोलरस्तासुद्धा १९४० मध्येच सुरू झालेला होता.

यातले अर्धे सत्य मात्र मान्य करायला हवे, आणि ते मी मामांना लिहिलेही. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले सेनापती आयझेनहॉवर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतले रस्ते पाहिले, त्या रस्त्यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि १९५६ च्या कायद्यामागे ती आठवण होती. मोटर पार्कवेची बरोबरी 'ऑटोबान' या जर्मनीतल्या द्रुतगती मार्गांशी होऊ शकत नाही हेही खरे. तो अरुंद होता, जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच पट्ट्यावरून समोरासमोर धावत, मध्ये दुभाजक नव्हता, आणि तो सरकारचा नसून खासगी कंपनीचा होता. सलग, दुभाजक असलेल्या, देशभर पसरणाऱ्या रस्त्यांचे एवढे मोठे जाळे जर्मनीआधी कोणी उभारले नव्हते. पण 'मोठे जाळे उभारले' आणि 'कल्पना पहिल्यांदा सुचली' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि संदेश दुसरे करतो.

शर्यतींतून रस्त्यांना काही मिळाले नाही, या वाक्याने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, कारण हा रस्ता शर्यतीच्याच पोटी जन्माला आला. विल्यम के. व्हँडरबिल्ट ज्युनियर या धनाढ्य तरुणाने १९०४ मध्ये आपल्या नावाचा चषक ठेवून लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटारशर्यत भरवली. ते रस्ते मातीचे होते. धूळ बसावी म्हणून त्यांच्यावर खनिज तेल शिंपडले गेले, आणि शेतकऱ्यांसाठी फलक लागले की शर्यतीच्या दिवशी कुत्री बांधून ठेवा, कोंबड्या कोंडून ठेवा. पहिल्याच शर्यतीत एका गाडीवरचा मेकॅनिक मृत्युमुखी पडला. १९०६ पर्यंत गर्दी इतकी वाढली की लोक प्रत्यक्ष रस्त्यात उभे राहून गाडी अंगावर येईपर्यंत हटत नसत. त्या वर्षी एक प्रेक्षक दगावला आणि १९०७ ची शर्यत झालीच नाही. सार्वजनिक रस्ता वेगाच्या गाड्यांना चालणार नाही, त्यांना वेगळा, कुंपणाचा, बिनचौकाचा आणि बिनधुळीचा रस्ता हवा, हे या अपघातांनी शिकवले. मोटर पार्कवे त्यातून आला, आणि १९०८ ची शर्यत अंशतः त्याच्यावरूनच धावली.

श्रीमंतांची चैन होती का? होती, आणि तिची किंमत इतरांनी मोजली. १९१० च्या शर्यतीत पुन्हा बळी गेले आणि लाँग आयलंडच्या रस्त्यांवरची शर्यत कायमची थांबली. हे झाकण्याचे कारण नाही. पण शर्यत थांबल्यावर रस्ता थांबला नाही; तो पुढे अठ्ठावीस वर्षे साध्या प्रवाशांनी वापरला. शेजारून सरकारचा नवा आणि फुकट रस्ता झाल्यावर गिऱ्हाईक तुटले, टोल चाळीस सेंटवर आणूनही भागले नाही, आणि थकलेल्या कराच्या बदल्यात तो १९३८ मध्ये सरकारजमा झाला.

आज त्याचे जे काही शिल्लक आहे ते स्थानिक हौशी मंडळींमुळे. गेली चार वर्षे मी त्यांच्याबरोबर जाते म्हणून हे जवळून सांगू शकते. त्यांच्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक टपाल खात्यातले गृहस्थ आहेत, आणि बापाच्या बोटाला धरून येणारी मुलेही आहेत. जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवून रविवारी सकाळी निघायचे आणि घरांच्या परसामागे, विजेच्या तारांखालच्या पट्ट्यात, शाळेच्या मैदानाच्या कडेला रस्त्याची खूण शोधायची, असे ते काम. एकदा नासॉ भागात वेलींच्या जाळीत हात घातल्यावर मला काँक्रीटचा एक खांब लागला, कमरेएवढा, कोपरे झिजलेले, आतल्या सळईचा गंज बाहेर आलेला. बरोबरच्या गृहस्थांनी टेप लावून शेजारच्या खांबापासूनचे अंतर मोजले, वहीत लिहिले, फोटो काढला आणि वेल पुन्हा होती तशी सोडली. ओळीने असे सात खांब सापडले तेव्हा रस्ता कुठून वळला होता ते जमिनीवर डोळ्यांना दिसले.

या रस्त्यावरची गार्डन सिटी गावातली टोलचौकी अशाच लोकांच्या आग्रहामुळे वाचली. १९८९ मध्ये ती अख्खी इमारत उचलून नव्या जागी नेऊन ठेवली. १९०८ ची शर्यत जिंकणारी लोकोमोबील गाडी, जिला सगळे 'ओल्ड सिक्स्टीन' म्हणतात, ती पीटर हेल्क या चित्रकाराने १९४१ मध्ये विकत घेतली आणि पुढची अनेक दशके जपली. लहानपणापासून त्याला या शर्यतींचे वेड होते. नवा रंग देऊन ती चकचकीत करण्याचा मोह त्याने टाळला म्हणून आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ती जवळपास मूळ रूपात पाहायला मिळते. कोणी तरी खांब मोजतो, कोणी गाडी जपतो, म्हणून 'पहिले कोण' या प्रश्नाला पुरावा उरतो. संदेश लिहिणाऱ्याने हे कष्ट एका वाक्यात पुसून टाकले.

जर्मनीपुरते बोलायचे तरी दावा टिकत नाही. बर्लिनचा 'आवुस' हा केवळ मोटारींचा रस्ता १९२१ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे उद्घाटनही शर्यतीनेच झाले. इटलीत मिलानहून सरोवरांकडे जाणारा 'ऑटोस्ट्राडा', म्हणजे मोटाररस्ता, १९२४ मध्ये खुला झाला. कोलोन–बॉन हा ऑटोबान ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला. हिटलर चान्सलर झाला तो ३० जानेवारी १९३३ रोजी. कोलोनची ही एक तारीखच संदेशाला पुरेशी आहे. नाझींनाही ती अडचणीची वाटली असावी, कारण सत्तेवर आल्यावर त्यांनी त्या रस्त्याचा दर्जा साध्या रस्त्यावर उतरवला आणि पहिलेपणाचा मान स्वतःकडे घेतला. नव्वद वर्षांपूर्वीचा तो प्रचार आज साताऱ्यातल्या पेन्शनरांच्या फोनवर फिरतो आहे.

हाम्बुर्ग ते बाझल या लांब मोटाररस्त्याची आखणीही १९२६ मध्ये स्थापन झालेल्या 'हाफ्राबा' या संघटनेने केली होती. तिचे एक प्रमुख पुरस्कर्ते लुडविग लांडमान हे फ्रँकफर्टचे महापौर होते आणि ज्यू घराण्यात जन्मलेले होते. मार्च १९३३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच शहराजवळ हिटलरने फावडे हातात घेऊन त्या रस्त्याची पहिली माती उचलली आणि तिचे फोटो देशभर लावले गेले. लांडमान नेदरलँड्सला निघून गेले आणि मार्च १९४५ मध्ये, लपून राहत असताना, तिथेच वारले. ज्याने आखले त्याला हाकलून ज्याने फोटो काढून घेतला त्याला जनक म्हणायचे असेल, तर मामांच्या खात्यातल्या प्रत्येक आराखडाकाराने त्याचा विचार करावा.

साठ लाखांच्या रोजगाराविषयी थोडक्यात. जर्मनीत १९३३ च्या आरंभी सुमारे साठ लाख बेकार होते, एवढे खरे. रस्त्यांच्या कामावर प्रत्यक्ष असलेले कामगार अगदी भरात, १९३६ मध्ये, सुमारे सव्वा लाख होते. बाकीचे आकडे शस्त्रनिर्मितीने आणि सक्तीच्या लष्करभरतीने कमी केले. आणि युद्ध सुरू झाल्यावर याच रस्त्यांच्या कामावर ज्यूंना आणि युद्धकैद्यांना छावण्यांत डांबून राबवले गेले. त्याला रोजगार म्हणणे मला घोर अन्यायाचे वाटते, आणि हा शब्द पुढे पाठवताना माणसाचा हात थांबायला हवा.

हे सगळे मी मामांना लिहून पाठवले. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला, कोलोनची तारीख पुन्हा विचारून वहीत लिहून घेतली, आणि आपल्या गटात काय टाकायचे याचा मजकूर मला वाचून दाखवला. एका जागी त्यांनी 'सळ्यांचे काँक्रीट' खोडून 'प्रबलित काँक्रीट' केले होते. पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत. गार्डन सिटीची टोलचौकी त्यांची पाहायची राहिली आहे.