सुई लागली की कर्करोग पसरतो?

गावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे : “प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये डाग आला तरी बायोप्सी करू नका. सुई लागली की गाठ चिडते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. पीएसए बघत राहा, तेवढे पुरे. म्हातारपणी हा कॅन्सर मारत नाही.” प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, पीएसए ही तिच्यासाठीची रक्तचाचणी, आणि बायोप्सी म्हणजे सुईने तिचे बारीक तुकडे काढून तपासणे. देवगडजवळ राहणाऱ्या माझ्या काकांनी तो प्रमाण मानून आपला रिपोर्ट दोन महिने सातबाऱ्याच्या पिशवीत, कपाटात ठेवला.

सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत. पण प्रोस्टेटच्या बाबतीत त्या इतक्या विरळ आहेत की त्या भीतीने निदानच टाळणे मला अविचाराचे वाटते. खरी काळजी जंतुसंसर्गाची असते. सुई गुदद्वारातून न नेता अंडकोश व गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून नेल्यास तो धोका कमी होतो. नंतर काही दिवस लघवीत रक्त दिसू शकते, परंतु थंडी वाजून ताप आला तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. संदेशात याविषयी चकार शब्द नाही.

‘डाग’ हा शब्दही फसवा आहे. काकांच्या रिपोर्टात ‘पायरॅड्स ४’ असे होते आणि काकू ती चौथी स्टेज समजून ग्रामदेवतेला कौल लावायला निघाल्या होत्या. वास्तविक ही १ ते ५ अशी संशयाची पट्टी आहे, आजाराची अवस्था नव्हे. ४ किंवा ५ असल्यास सहसा बायोप्सी सुचवतात. ३ असल्यास वय, घरातला इतिहास आणि ग्रंथीच्या आकारमानाच्या तुलनेत पीएसए किती, हे पाहून ठरवतात.

पीएसएवर एकट्यावर विसंबणे तर अधिकच धोक्याचे. वयोमानाने वाढलेली ग्रंथी किंवा लघवीचा संसर्ग यांनीही तो चढतो. उलट ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड ही ग्रंथी लहान करणारी गोळी काही महिने घेतल्यावर तो साधारण निम्म्यावर येतो. काका ‘लघवीची गोळी’ म्हणून वर्षभर तीच घेत होते, म्हणजे त्यांचा ३.६ हा आकडा सातच्या वर धरायला हवा होता. म्हणून डॉक्टरांकडे गोळ्यांची पाकिटेच न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवावी, मनाने बंद करू नये.

म्हातारपणी हा कॅन्सर मारत नाही, हे संदेशाचे शेवटचे वाक्य अर्धे खरे आहे. ग्लीसन, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात याची श्रेणी, ३+३ अशी सौम्य निघाल्यास पुष्कळदा शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेख पुरते. मात्र ३+३ आहे की अधिक आक्रमक ४+४, हे बायोप्सीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज कळत नाही.

बायोप्सीला जाताना एमआरआयची सीडी न्यावी, कारण नुसत्या कागदावरून सुईचा नेम धरता येत नाही. काका कोल्हापूरला पोहोचले तेव्हा ती सातबाऱ्याच्या पिशवीतच राहिली होती.