उन्हाळा समजून अंगावर काढतात

रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी जाण्याच्या त्रासावर 'बेडरूम थंड ठेवा, पहाटे फिरायला जा' हा तुमच्या लेखातला सल्ला आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या बाईला सांगून बघा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, वर पत्रे, अन् दिवसभर केळीच्या बागेत राबणं. आणखी कुठे फिरायला जाईल ती? एकदम तोंडावर गरम झळ येते, रात्री ब्लाउज घामाने चिंब होतो, तर सगळ्या म्हणतात ऊन लागलं. माझ्या जाऊबाई पदराला कांदा बांधून फिरायच्या. थंडीत हरभरा खुडतानाही तेच व्हायला लागलं, तेव्हा कुठे कळलं की हे ऊन नव्हे, पाळी जाण्याचा त्रास आहे. बचतगटात आशाताईंनी सांगितलेलं जास्त कामी आलं: उशाशी ओला पंचा, सैल सुती कपडे, रात्री ठेचा आणि चहा बंद. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, तीळ, ताक तर घरचंच.

आणि एक मोठी गोष्ट राहिलीच. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा नुसता डाग जरी दिसला, तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. क्वचित ते गर्भाशयाच्या कर्करोगाचंही लक्षण असतं. आमच्याकडे बायका 'जाता जाता होतंच असं' म्हणून गप्प बसतात. लेखात एवढं तरी घालाच.