जनरेटरच्या ‘त्या’ मेसेजमधली एकही गोष्ट तशीच करू नका

मे संपत आला आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सांगणं असं: घरातल्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करा आणि तेवढा जनरेटर घ्या. फ्रिज सगळ्यात आधी लावा, चोवीस तास चालू ठेवा. भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवा. वेगळं वायरिंग नको, दोन्हीकडे पिन असलेली वायर करून कुठल्याही सॉकेटमध्ये घुसवा. हेतू चांगला असेल, पण यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जीव घेणाऱ्या आहेत. आधीच्या दोन फक्त पैसे आणि पेट्रोल घालवतात.

आधी बेरीज. एक एचपीचा पंप चालताना साधारण १००० ते ११०० वॅट घेतो, म्हणून २.१ केव्हीए क्षमतेच्या जनरेटर सेटवर तो आरामात चालेल असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पंप सुरू होतानाचा करंट चालतानाच्या चार-सहा पट असतो, म्हणजे २५ ते ३५ अँपिअर. २.१ केव्हीएचा सेट सलग देऊ शकतो जेमतेम ९. अशा वेळी काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे: बटण दाबताच इंजिनाचा आवाज खाली बसतो, दिवे पिवळे पडतात, पंप जागच्या जागी गुरगुरतो पण फिरत नाही. तसाच धरून ठेवला तर मोटरमधलं तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, जळतं. मोटर असलेल्या प्रत्येक वस्तूचं थोड्याफार फरकाने हेच. म्हणून पंपासाठी मोठा सेट लागतो आणि पंप सुरू करताना बाकीचं सगळं बंद लागतं.

आणि माझ्या मते पहिला मान पंपाचाच आहे, फ्रिजचा नाही. विहीर उथळ असेल तर हजार लिटरची टाकी अर्ध्या-पाऊण तासात भरते आणि घराचा दिवस निघतो. एकदा भरून ठेवता येतं ते आधी उरकायचं: पाणी, मोबाइल, पॉवर बँक, इन्व्हर्टरची बॅटरी. मग रात्रभर एलईडी दिवे आणि पंखा त्या बॅटरीवर चालतात, जनरेटरला हात लावावा लागत नाही. मेसेजमधल्या यादीत सगळी उपकरणं एकाच वेळी चालतील असं धरलंय. खरं तर त्यांना पाळी लावायची असते.

फ्रिजचं म्हणाल तर दार उघडलं नाही तर खालचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस. तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा तास-दीड तास चालवला तरी भागतं. वादळाच्या आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवा, लाइट गेली की त्यातल्या दोन खालच्या कप्प्यात आणा. घरात इन्सुलिन असेल तर न उघडलेली बाटली त्या बर्फाला चिकटून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे फ्रिजबाहेर चालते. किती तापमानापर्यंत, ते खोक्यावर वाचा.

गीझर, इंडक्शन, इस्त्री? नाही. दोन हजार वॅट जाळून पाणी तापवायचं आणि शेजारी गॅस असायचा, याला अर्थ नाही. अपवाद एकच: घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवून तो पहिला, आणि सोबतीला ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर.

इंधनाचा हिशेब मेसेजमध्ये नाहीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पेट्रोल पंपालाही वीज लागते. तासाला लिटरभर पेट्रोल धरा आणि चोवीस तास चालवायचा विचार करून बघा.

आता पडवी. पावसाळ्यात पडवीला प्लास्टिक नाहीतर झापं बांधलेली असतात, म्हणजे धूर आतच कोंडतो. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. सेट घरापासून किमान वीस फूट लांब, चारी बाजू उघड्या असलेल्या पत्र्याखाली, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट्या दिशेला.

आणि ती दोन्हीकडे पिन असलेली वायर. तिचं एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. त्याहून भयंकर म्हणजे तुमची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, जाते आणि तो तिचे हजारो व्होल्ट करतो. वर खांबावर लाईनमन असतो, लाइन बंद आहे असं समजून. शेजारच्या घरांचा भार पडून जनरेटर आधीच बंद पडेल, असं काहीजण सांगतात. पण वादळात तार जवळच तुटलेली असेल तर भार उरतोच कुठे? मग ती तुटकी तार उचलणारा कुणीही सापडतो. ‘मेन स्विच पाडला की झालं’ हेही मान्य नाही. रात्री दोन वाजता, दिवा नसताना, घरातल्या कुणीतरी एकाने तो न विसरता पाडण्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा नसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवला की एका वेळी एकच पुरवठा जोडला जातो, विसरायची सोयच राहत नाही. परवानाधारक वायरमनकडून तो मे महिन्यातच बसवून घ्या. जूनमध्ये वायरमन मिळत नाही. तोवर जनरेटरच्याच सॉकेटमधून चांगल्या जाडीची एक्स्टेन्शन वायर ओढा आणि फ्रिज थेट त्यावर लावा.