विल्लू (नदीच्या पूरमैदानातले खोलगट भाग) हेही लाभक्षेत्रच: महावेलीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

कालवेवाले साहेब, नमस्कार.

श्रीलंकेतल्या महावेली नदीवरच्या माझ्या लेखाखाली आपण ‘एक जुना कालवेवाला’ अशी सही करून लिहिलंत, म्हणून हे संबोधन. प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना वही घेऊन बसलो, कारण त्यात दोन चुका खऱ्याच माझ्या निघाल्या.

इतरांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात मांडतो. तीस वर्षं पाटबंधाऱ्यांच्या कामात घालवलेल्या माणसाला माझा लेख ‘पर्यटकाचा हळवेपणा’ वाटला. सिंहली राजांनी दोन हजार वर्षं पाणी अडवलं त्याचं मी कौतुक करतो आणि महावेलीवरच्या १९७७ नंतरच्या धरणांवर मात्र नाक मुरडतो, हा दुटप्पीपणा आहे. कोरड्या मुलखाला पाणी, देशाला भात आणि वीज मिळाली त्याचं काय? पूर थांबले म्हणून कुणी रडतं का? गाळ चहाच्या मळ्यांतून येतो, त्याचं खापर धरणांवर कशाला? आणि शेवटचा टोला: ‘३३५ किलोमीटरची नदी म्हणजे आमच्या गोदावरीपुढे ओढा.’

ओढ्याचं आधी उरकतो. बेटावरची नदी बेटाच्या मापानेच मोजायची. महावेलीचं खोरं सुमारे १०,४५० चौरस किलोमीटरचं, म्हणजे श्रीलंकेचा जवळजवळ सहावा हिस्सा. गोदावरीशी तुलना करायची तर लांबीची नको, तिच्या रस्त्याची करू. हॅटन आणि हॉर्टन प्लेन्सच्या बाजूच्या डोंगरांतले प्रवाह घेऊन ती उत्तरेकडे कँडीला येते, शहराला वळसा घालून पूर्वेला जाते, मिनिपेजवळ डोंगर उतरून पुन्हा उत्तरेला वळते आणि त्रिंकोमालीच्या दक्षिणेला कोड्डियार उपसागराला मिळते. वाटेत तिचा पाऊस बदलतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस वरच्या डोंगरांत कोसळतो तेव्हा खालची मैदानं तापलेली असतात. मैदानांचा स्वतःचा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत. एका नदीला दोन पावसाळे, हा बेटाचा चमत्कार आहे आणि आपल्या वादाचं मूळही तिथेच आहे.

आता माझी पहिली चूक. ‘कोरड्या पट्ट्यात पाऊस जवळजवळ नाहीच’ असं मी लिहून गेलो. साफ चुकीचं. तिथे वर्षाला साधारण १,२०० ते १,७०० मिलिमीटर पडतो. आपल्या मराठवाड्याला सातशे-आठशेवर भागवावं लागतं, तो हे वाचून हसेल. कोरडेपणा पावसाच्या आकड्यात नसून वेळापत्रकात आहे: बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग लांबलचक उन्हात बाष्पीभवन सगळं ओढून नेतं. म्हणून तिथे दोन हंगाम, पावसावरचा ‘महा’ आणि उन्हातला ‘याल’. यालचा भात साठवलेल्या किंवा डोंगरातून आणलेल्या पाण्यावरच निघतो.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ‘राजांनी फक्त उपनद्यांना हात लावला, मुख्य नदी मोकळी ठेवली’ हे माझं वाक्य आपण पकडलंत. मिनिपेचा प्राचीन बंधारा मुख्य महावेलीवरच आहे. कबूल. वाक्य काढून टाकलं आहे.

पण साहेब, तो बंधारा कसला आहे ते आपणच माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पाणी अडवून पाटात वळवणारा, आणि पूर आला की ते डोक्यावरून जाऊ देणारा. अंबन गंगा या उपनदीचं पाणी एलाहेराच्या पाटाने मिन्नेरियाच्या तलावाला नेलं तेव्हाही तसंच. महासेन राजाचा तो तलाव तिसऱ्या-चौथ्या शतकातला. बाराव्या शतकातला पराक्रमबाहू म्हणे, पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नये. (‘पाणी अडवा, पाणी जिरवा’चा थोरला भाऊच!) तो म्हणाला खरं, पण ते करून दाखवायची ताकद त्याच्याकडे नव्हती. महावेलीचा मोठा पूर त्याच्या सगळ्या बांधांवरून समुद्राला जातच राहिला. मी राजांना साधू ठरवत नाही. त्यांच्या हातात काँक्रीट नव्हतं, एवढंच.

ते हातात आलं विसाव्या शतकात. पोल्गोल्लाच्या बंधाऱ्यातून १९७६ पासून कँडीखालचं पाणी आठ किलोमीटरच्या बोगद्याने सुदू गंगेत आणि तिथून अंबन गंगेत जाऊ लागलं. त्यातलं बरंचसं पुढे बोवतेन्नातून खोऱ्याबाहेर, कला वेवा तलाव आणि अनुराधापुराच्या बाजूला. १९६८च्या बृहत् आराखड्यात तीस वर्षांत करायचं काम जयवर्धने सरकारने १९७७ नंतर सहा वर्षांत दाबून बसवायचं ठरवलं. कोत्मले धरण स्वीडनच्या पैशाने, व्हिक्टोरिया ब्रिटनच्या, रांदेनिगला पश्चिम जर्मनीच्या, मादुरू ओया कॅनडाच्या. व्हिक्टोरियाची कमानी भिंत १२२ मीटर उंच आणि वीज २१० मेगावॅट, कोत्मलेची २०१. जुनं तेल्देनिया गाव पाण्याखाली गेलं. भात आणि वीज मिळाली हे मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं, ही आपली तक्रार रास्त आहे. त्या विजेवर अख्खा देश उभा राहिला आणि त्या पाण्यावर लाखभराहून जास्त कुटुंबं वसली. गाळाचंही आपलं खरं: आधी कॉफीसाठी, मग कॉफीवर तांबेरा पडल्यावर चहासाठी डोंगर साफ केले ते एकोणिसाव्या शतकात. धरणांनी तो गाळ आणला नाही, फक्त धरून ठेवला.

मात्र धरून ठेवलं ते फक्त गाळाला नाही, वाळूलाही. सिंहलीत ‘वेली’ म्हणजे वाळू; महावेली म्हणजे थोर वाळूची नदी. आज वरची वाळू जलाशयांत बसते आणि मानांपिटियाच्या परिसरात उरलेली ट्रकांतून जाते.

आता ‘पूर थांबले म्हणून कुणी रडतं का’. याच एका प्रश्नासाठी हे उत्तर लिहायला बसलो.

मानांपिटियाच्या पुलाखालून नदी गेली की दोन्ही काठांना विल्लू सुरू होतात. विल्लू म्हणजे पूरमैदानातले उथळ, बशीसारखे खोलगट भाग. काही नदीने सोडून दिलेली जुनी वळणं, काही काठामागच्या दलदली. हंडपान विल्लू त्यातला सर्वात मोठा. डिसेंबर-जानेवारीच्या पुरात नदी काठ ओलांडून त्यांत शिरते, मासे आत सोडते, बारीक गाळ पसरते. मग पाणी हळूहळू ओसरतं आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा आजूबाजूचं झुडपी जंगल करपलेलं असतं, तेव्हा त्या ओल्या काठांवर हिरवंगार गवत उभं राहतं. हत्ती, रानम्हशी आणि गावची गुरं त्यावर जगतात. स्थलांतरित पाणपक्षी कडेकडेने. जलाशय उतरला की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात आपले शेतकरी पेरतात, गाळपेर करतात ना? विल्लू ही हत्तींची गाळपेर.

म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. विल्लू हे महावेलीचं सर्वात जुनं लाभक्षेत्र, म्हणजे तिच्या पाण्यावर भिजणारी जमीन, आहे. त्याचा कालवा म्हणजे पूर, त्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, वर्षातून एक. त्यात शेतकरी नाही, पाणीपट्टी नाही, म्हणून पाणीवाटपाच्या तक्त्यात त्याचा रकाना नाही. वर धरणं झाल्यावर पुराचा माथा छाटला गेला. विल्लूंत पाणी कमी शिरतं, कमी दिवस राहतं, आणि पुराने धुऊन जाणारी जलपर्णी तिथेच मुक्काम ठोकते.

गंमत म्हणजे योजनावाल्यांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. विकासाची भरपाई म्हणून याच भागात राष्ट्रीय उद्यानं जाहीर झाली: मादुरू ओया १९८३, वसगमुवा आणि फ्लड प्लेन्स १९८४, सोमावती १९८६. मादुरू ओयाच्या वेळी तर वेद्दा या आदिवासी लोकांना त्यांच्या शिकारीच्या रानातून हलवलं गेलं. म्हणजे वन्यजीव खात्याला जमीन मिळाली. पाणी कधी सोडायचं, हे ठरवणारं कार्यालय दुसरंच. पूरमैदानाचं अभयारण्य करायचं आणि पूर दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायचा!

‘हळवेपणा’ म्हणालात, तर मिन्नेरियाचं ऐका. तो तलाव माणसाने बांध घालून केलेला, नैसर्गिक मुळीच नाही. तरी उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या तळावर गवत येतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथे जमतात. महासेनाने नकळत एक विल्लू बांधला होता. मग २०१८च्या सुमारास अंबन गंगेवरचं मोरगहकंद धरण भरलं आणि तिथलं पाणी उन्हाळ्यातही मिन्नेरियाला येऊ लागलं. तलाव भरलेला राहू लागला, गवत पाण्याखाली गेलं. चारा हरवलेला हत्ती शेताकडे वळतो. देशभरात अलीकडे वर्षाला शेकडो हत्ती आणि शंभराहून जास्त माणसं या झगड्यात मरतात. सगळा दोष एका तलावाचा नाही, हे मलाही कळतं. पण माझा राग नव्या धरणावर आणि प्रेम जुन्यावर, असं जे आपल्याला वाटलं, ते मिन्नेरियाने खोडून काढलंय. तलाव तोच, बांध तोच. फक्त पाण्याचं उतरणं थांबलं.

धरणं पाडा असं मी लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. मागणी एवढीच की जलाशयाच्या आवर्तनांत पुराचंही एक आवर्तन बसवावं: डिसेंबरात काही दिवस मोठा विसर्ग विल्लूंसाठी, आणि उन्हाळ्यात मिन्नेरियाला उतरायची मुभा. यात भाताचं किती पाणी जाईल, विजेचं नुकसान किती, सांडव्यावरून एवढा विसर्ग सोडताना काठच्या गावांचं काय, हे हिशेब मांडायला माझ्यासारखा माणूस उपयोगाचा नाही, तुमच्यासारखाच लागेल. खवचटपणे म्हणत नाही.

आणि एक, आपल्याला आवडेल म्हणून. मादुरू ओयाचं धरण बांधताना अभियंत्यांना नेमक्या त्याच जागी जुन्या बांधातली पाणी सोडायची प्राचीन मोरी सापडली. कॅनडाच्या पैशाने नेमलेल्या लोकांनी निवडलेली जागा आणि प्राचीन काळच्या कुणा कालवेवाल्याने निवडलेली जागा एकच! त्या विटांच्या मोरीचे मी काढलेले फोटो आहेत माझ्याकडे. पत्ता कळवलात तर पाठवतो, दाराची रचना कशी असावी ते आपण मला समजावून सांगा.